वर्दी मिळताच

मामांना फोन लावला की ते हॅलो म्हणत नाहीत, "कुठं?" म्हणतात. रिटायर होऊन काही वर्षं झाली तरी सवय काय जाईना. मामी तो नातीचा किस्सा अजून रंगवून सांगते. नात झाली तेव्हा जावयांनी दवाखान्यातनं फोन केला, "मामा, मुलगी झाली!", तर हे म्हणतात "कुठं?". जावई बिचारे नवीन, गांगरले, म्हणाले दवाखान्यात. "ते कळलं ओ, दवाखाना कुठं, जवळ काय हाय?" आणि एवढं सगळं विचारून झाल्यावर मग एकदम भानावर येऊन "मुलगी झाली? व्हय?" म्हणाले आणि रडायलाच लागले म्हणे.

पस्तीस वर्षं अग्निशमन दलात काढली त्यांनी. पहिली पंधराएक वर्षं गाडीवर, मग एका जुन्या वाड्याची भिंत अंगावर येता येता पाठीत कायतरी गेलं ते कायमचंच, तेव्हापासून वॉचरूमला, फोनवर. मी तेव्हा पाचवीत असेन. शाळेत माझी जी काय इज्जत होती ती मामांच्या बंबावर होती, माझा मामा आगीत घुसतो असं मी मधल्या सुट्टीत चार पोरांना रोज सांगायचो आणि त्यात थोडं मीठमसाला पण घालायचो. आता मामा टेबलापाशी बसून फोन उचलतात हे मी कुणालाच सांगितलं नाही. घरातही तोच सूर होता. आजी म्हणायची बरं झालं बाई, बसून काम मिळालं. बसून काम! मामा काय बोलायचे नाहीत, ताटातली भाकरी मोडत राहायचे.

फायर ब्रिगेडमध्ये कॉलला वर्दी म्हणतात. वर्दी म्हणजे अंगावरचा युनिफॉर्म नव्हे, वर्दी म्हणजे खबर. वर्दी आली, वर्दी घेतली, वर्दी खोटी निघाली असं बोलतात तिथं. पेपरात आगीची बातमी वाचा कधीही, एक वाक्य ठरलेलं असतं, "वर्दी मिळताच जवान घटनास्थळी दाखल झाले". शाळेत असताना मी ते वाक्य वाचून पुढं जायचो, जवानांनी काय केलं ते वाचायला. त्या "मिळताच" मध्ये माझा मामा वीस वर्षं बसलेला होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तर ते "मिळताच" कसं असतं ते सांगतो, मामांनीच नंतर कधीतरी गच्चीत बसून सांगितलेलं. १०१ वाजला की पहिला प्रश्न कुठं. काय जळतंय ते नंतर. कारण फोन कधीही कटतो, माणूस कधीही फोन टाकून पळतो, आणि नुसतं "कुठं" हातात असलं तरी गाडी निघू शकते, पण नुसतं "काय" हातात घेऊन गाडी जाणार कुठं? मग जवळची खूण. मग काय पेटलंय, घर का गोडाऊन का गाडी का ऊस, किती मजली, आत कोण अडकलंय का, सिलेंडर आहे का, फोन करणाऱ्याचा नंबर. हे विचारत असतानाच एका हातानं घंटा दाबायची, बाहेर पोरं बूट घालत असतात, ड्रायव्हर चढलेला असतो, आणि कागदावर पत्ता लिहून तो लीडिंग फायरमनच्या हातात द्यायचा. गाडी गेटबाहेर पडली की वेळ लिहायची. पोहोचली की वायरलेसवर कळतं, ती वेळ लिहायची. त्यानंतर तुमचं काय काम नाही. म्हणजे काम असतंच, परत फोन येत राहतात, त्याच आगीचे दहा-पंधरा जणांचे, प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचं, पण तिथं नेमकं काय चाललंय हे तुम्हाला दिसत नाही. मामा म्हणायचे, "गाडीवर हुतो तवा भीती वाटायची, पर ती दिसणारी भीती. इथं नुसती ऐकाय येती."

आणि ह्यात आमचं कोल्हापूर. आम्हाला पत्ता नावाची गोष्ट माहितीच नाही. घर नंबर, सर्व्हे नंबर हे लाईट बिलावर असतं, तोंडात नसतं. तोंडात असतं ते म्हणजे बिनखांबी गणपतीच्या मागं, मिरजकर तिकटीला, पापाच्या तिकटीवरनं आत, अमुक तालमीच्या समोरच्या बोळात. कागदावर चौकाचं नाव ताराराणी चौक असतं आणि निम्मं गाव अजून कावळा नाकाच म्हणतं. व्हीनस कॉर्नर म्हणताना आज किती पोरांना माहीत असेल की हे नाव कुठल्या टॉकीजवरनं पडलंय. जी गोष्ट आता तिथं नाही तिच्या खुणेवर आम्ही पत्ता सांगतो, "पूर्वी जिथं पिठाची गिरणी हुती न्हवं का", आणि समोरच्याला ती गिरणी माहीत असणार असं आम्हाला ठाम वाटत असतं. मामांना माहीत असायची. त्यांच्या डोक्यात कोल्हापूरचे तीन-चार नकाशे एकमेकांवर ठेवलेले होते, आत्ताचा, टॉकीजच्या काळातला, त्याच्या आधीचा. त्याशिवाय गल्लीची रुंदी. कुठल्या बोळात मोठी गाडी अडकते, कुठं गुरुवारी बाजार असतो, कुठल्या कोपऱ्यावर गणपतीचा मांडव पडला की गाडी उलट्या बाजूनं घालावी लागते, गुजरीत सणाच्या दिवसात शिरायचंच नाही. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ते सुट्टीच्या दिवशी सायकलवरनं गल्ल्या फिरायचे, मामीला वाटायचं ह्यांना घरात करमत नाही.

आता सिस्टिम बदललीय. १०८ ला अँब्युलन्ससाठी फोन केला की तो पुण्याला लागतो, २०१४ पासून असंच आहे. २०२१ ला महाराष्ट्रात ११२ आलं, त्याचा फोन नवी मुंबईला नाहीतर नागपूरला. म्हणजे तुम्ही गंगावेशीत उभे, गाडी चार गल्ल्या पलीकडं उभी, आणि बोलताय नवी मुंबईतल्या कुणाशी तरी. मागं एकदा शेजारच्या आजोबांसाठी मी १०८ लावला तर पलीकडची मुलगी अगदी शांतपणे विचारत होती, जिल्हा? तालुका? मी म्हटलं अहो कोल्हापूर. कोल्हापूर कळलं सर, तालुका? मला आयुष्यात पहिल्यांदा करवीर हा शब्द बोलून दाखवायला लागला, तो आमच्याकडं अंबाबाईच्या संदर्भात नाहीतर सातबाऱ्यावरच येतो. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मामांना सांगितलं तर मला वाटलं म्हणतील, बघ, आमच्या वेळी असं नव्हतं. तसं काय म्हणाले नाहीत. म्हणाले, "ती बरोबर इचारत हुती. कोल्हापूर म्हंजे शेर का जिल्हा हे तू सांगितलंस काय? चंदगडचा माणूसबी कोल्हापूरच म्हणतोय." आणि मग म्हणाले मोबाईलवरनं ठिकाण कळतंय ते लई बरं झालं, आमच्या वेळी ते असतं तर दोन-तीन वर्द्या तरी... आणि तिथं थांबले. मी पण पुढं विचारलं नाही.

ह्या सगळ्या नंबरांची सुरुवात कुठं झाली ते मी एकदा वाचलेलं, ते मला राहून राहून आठवतं. लंडनला १९३५ च्या नोव्हेंबरात विंपोल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एका घराला आग लागली, पाच बायका गेल्या त्यात. समोरच्या माणसानं ऑपरेटरला फोन लावलेला, पण तेव्हा सगळेच फोन एकाच रांगेत, कुणाला मावशीशी बोलायचंय आणि कुणाच्या समोर घर जळतंय, एक्स्चेंजला काय कळणार. तो रांगेत थांबून राहिला. नंतर त्यानं पेपरला चिडून पत्र लिहिलं, चौकशी बसली, आणि १९३७ च्या जूनमध्ये ९९९ सुरू झाला, असा फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा. म्हणजे आग विझवायला बंब होता, पाणी होतं, माणसं होती, नव्हता तो फक्त ऐकणारा. आणि तिकडं अमेरिकेत, जिथं ९११ चं एवढं कौतुक, तिथल्या सरकारी वर्गीकरणात हे फोन घेणारे लोक अजूनही ऑफिसकामाच्या खात्यात धरतात, कारकून वगैरेंच्यात, फायरमन-पोलिसांच्यात नाही, आणि ते बदलावं म्हणून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. मी हे मामांना वाचून दाखवलं. "आज्जी तुजी तिकडंबी हाय म्हण की," म्हणाले.

बरं, माझा पराक्रम सांगायचा राहिलाच. मी कॉलेजला होतो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात रेग्युलेटरपाशी जाळ झाला. किंकाळी ऐकून मी वर पळालो, दारातनं बघितलं तर सिलेंडरच्या डोक्यावर हातभर ज्योत. ज्या माणसाच्या मामानं आयुष्यभर लोकांना पत्ता विचारला त्या माणसानं १०१ लावला आणि काय बोलला असेल? "ओ लवकर या, सिलेंडर पेटलाय, लवकर या!" आणि फोन कट. कट करून मी जिन्यात उभा राहून वाट बघतोय. एक मिनिट गेलं, दोन गेली, मला वाटलं निघाले असतील. तेवढ्यात फोन वाजला, तिकडनं आवाज, मामांचा नव्हे, त्यांची ड्युटी नव्हती त्या दिवशी, दुसरंच कुणीतरी, "दादा, कुठं यायचं?"

तो प्रश्न ऐकून माझे पाय जे गार पडले ते सिलेंडर बघून पडले नव्हते.

मग त्यांनीच मला सगळं करायला लावलं. सांगितलं काकूंना आणि सगळ्यांना खाली काढा, कुठलं बटण दाबू नका, चालूही नको बंदही नको. नॉब बंद करता येत नसेल तर जाळ विझवायच्या भानगडीत पडू नका. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, जाळ विझवू नका म्हणजे काय? नंतर मामांनी सांगितलं, जळणारा गॅस दिसतोय तरी, विझवला आणि गळती चालूच राहिली तर तो खाली जमिनीलगत पसरतो, हवेपेक्षा जड असतो ना, आणि मग शेजारच्या खोलीतल्या फ्रिजच्या ठिणगीनं सगळंच जातं. गाडी आली, दोघं जण पोतं भिजवून आत गेले, मिनिटभरात नॉब बंद, सिलेंडर बाहेर गच्चीत. जळालं काय तर एक पडदा आणि काकूंची भिंतीवरची दिनदर्शिका. सगळ्या गल्लीनं त्या दोघांना चहा पाजला. फोनवरच्या माणसाला कोण चहा पाजणार. मी संध्याकाळी मामांकडं गेलो आणि कबूल केलं की मी पत्ता न सांगता फोन ठेवला. मला वाटलं हसतील. "समदे ठेवत्यात," एवढंच म्हणाले, "मी बी ठेवला असता."

महापुराचं मात्र ते फारसं बोलत नाहीत. २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं, पावसाळ्यात सकाळी उठून आधी फूट-इंच विचारतात मग चहा घेतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटाच्या वर गेलं. मामांची ड्युटी सुरू झाली ती संपेचना, बदलीचा माणूसच पाण्यात अडकलेला. फोन आगीचा नाही, पाण्याचा. आणि पाण्याच्या फोनला वेगळीच गंमत असते, गंमत कसली, आग लागली की माणूस बाहेर पळतो, पाणी आलं की माणूस वर चढतो. आदल्या दिवशी जाऊन हात जोडून सांगितलेलं असतं की निघा, तर उत्तर एकच, २००५ ला इथंवरच आलेलं. प्रत्येकाच्या भिंतीवर २००५ ची रेघ. कुणी पेन्सिलनं मारलेली, कुणी ऑइलपेंटनं. त्या रेघेवर लोकांचा देवाइतका विश्वास. आणि रात्री दोनला फोन, साहेब पाणी रेघंच्या वर गेलंय.

नावा किती, माणसं किती, हे वॉचरूममधल्या माणसाला पाठ असतं. चिखली, आंबेवाडीकडं एनडीआरएफच्या बोटी, शिरोळकडं तर गावंच्या गावं. आणि फोनवर एक बाई, म्हातारी सासू उचलता येत नाही, लाईट गेलीय, मोबाईलला थोडंच चार्जिंग आहे. त्या रात्री मामांनी तिला सांगितलं, फोन ठेवा, स्वीच ऑफ करा, दर तासाला चालू करून मला फक्त एक मिस्ड कॉल द्या. दर तासाला एक मिस्ड कॉल. पहाटे पाचला आला नाही. सहाला आला. ह्या मधल्या दोन तासांचं मामा एवढंच म्हणतात की त्या दिवशी मला तंबाखू परत सुरू झाली.

मला आमच्या लोकांचं एक कळत नाही, म्हणजे कळतं पण पटत नाही. आम्हाला उडी घेणारा आवडतो. नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये प्रतापराव गुजर आणि सहा जण अख्ख्या फौजेवर चालून गेले, ते आमच्या जिल्ह्यातलंच ठिकाण, शाळेची सहल तिथं गेली तेव्हा गुरुजी बोलता बोलता गप्प झाले होते, माझ्या अंगावरही काटा आला होता. खोटं नाही ते. पण २०१५ च्या मे महिन्यात मुंबईत काळबादेवीला जुनी इमारत पेटली, ढासळली, आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, दोन तिथंच, दोन नंतर दवाखान्यात, त्यात खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. पेपरात आडनाव वाचून मामा बराच वेळ पेपर तसाच धरून बसले होते. मी काहीतरी बोललो, शौर्य वगैरे. तर एकदम तडकले, मामांना तडकलेलं मी क्वचित बघितलंय. "शौर्य म्हणू नगो. आत जायच्या आदी मोजायचं असतं, बाहीर आल्यावर मोजायचं असतं. चौघं मोजायला र्‍हायले न्हाईत म्हण." १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जण गेले, त्यांच्या आठवणीत. आमच्याकडं त्या दिवशी बिंदू चौकात बाबासाहेबांची जयंती, सगळं शहर निळं, मिरवणुकीच्या बंदोबस्ताला एक बंब कडेला उभा असतो आणि त्याच्या दारावर एक छोटा कापडी बॅनर. वाचणारा कोणी नसतो, मामा सोडून.

आणि मग ती रात्र. ८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसलेंची जयंती आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, आधीचं पॅलेस थिएटर. कोल्हापुरात ज्याला त्याला वाटतं की ते आपल्या घरातलं आहे, माझं पहिलं नाटक तिथलंच, बालनाट्य, मी झाड झालो होतो. मी गाडी काढून गेलो. जाऊ नये हे मला माहीत होतं, गर्दी झाली की गाड्यांना रस्ता मिळत नाही हे मी लहानपणापासून ऐकलंय, तरी गेलो, आणि माझ्यासारखे हजार तरी गेलेले. लोक रडत होते. मोबाईल वर धरून रडत होते. शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूनं जाळ असा वर निघालेला की समोरच्या बिल्डिंगच्या काचा केशरी दिसत होत्या. आत सगळं लाकूड, पडदे, खुर्च्या, जळायला काय कमी होतं. पाण्याच्या गाड्या येत होत्या जात होत्या, बाहेरच्या गावांतनंही मागवलेल्या, होज पाइप रस्त्यावर अजगरासारखे पसरलेले आणि लोक त्यावर पाय देऊन पुढं जायला बघत होते, एक फायरमन हात जोडून म्हणत होता ओ पाइपवरनं उतरा.

मी मामांना फोन लावला. का लावला माहीत नाही.

"कुठं?"

"मामा, केशवराव..."

"कळलंय मला. तू कुठं हाईस?"

मी सांगितलं.

"वारं कुणीकडं हाय?"

मला काय माहीत वारं. त्यांनी धूर कुठल्या बाजूला चाललाय ते विचारलं, मग मैदानाच्या बाजूनं गाडी आत घातलीय का विचारलं, छप्पर बसलं का विचारलं, आणि छप्पर बसलंय म्हटल्यावर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मागं त्यांच्याकडं टीव्हीचा आवाज येत होता, टीव्हीवर तीच आग. मग म्हणाले, "तुज्यामागं लोकं हाईत का? त्यास्नी घे आन मागं सर. गाडीला वाट दे." मी सरलो. आजूबाजूच्या चार-पाच जणांना म्हटलं चला मागं, ते सरले नाहीत, एक जण म्हणाला तू कोण.

सकाळी त्यांच्याकडं गेलो तर मामांनी चार पेपर विकत आणलेले, एरवी एकच येतो घरी. चारही पेपर पलंगावर पसरून चष्मा लावून बसलेले. फोटो बघत नव्हते. बोटानं ओळ धरून वेळ शोधत होते, आग किती वाजता दिसली, वर्दी किती वाजता, पहिली गाडी किती वाजता. प्रत्येक पेपरात वेळ वेगळी. मामी चहा ठेवून गेली, तो गार झाला.

"ह्यात येगळी, त्यात येगळी," म्हणाले. मग पेपर घडी घालून बाजूला ठेवले आणि जरा वेळानं मला विचारलं, "पयली वर्दी कुणी घेतली रं? काय कळलं का?"

मी म्हटलं नाही, असं कुणी लिहीत नाही.

"व्हय," म्हणाले, आणि एक पेपर परत उघडला.